‘इम्युनिटी वाढवा’ फॉरवर्डवरून आमच्या ग्रुपवर

सुनील, बी विंग: *‘सीओपीडी म्हणजे कमजोर इम्युनिटी. हा काढा घ्या, टी-सेल वाढवा, इन्हेलर सोडा!!’* गणोरकर काकांसाठी टाकलं 🙏

डॉ. मीनल, सी-४०३: सुनीलभाऊ, आधी हे डिलीट करा. काका खरंच इन्हेलर सोडतील. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अन् फुप्फुसं खराब होऊन कायमचा दम लागणारा आजार. त्यात फुप्फुसात टी-पेशी (टी-सेल, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी नसतात, उलट गरजेपेक्षा जास्त जमलेल्या असतात.

प्रभाकर काका: टी-पेशी तर चांगल्या असतात नं? कोविडमध्ये ऐकलं होतं.

डॉ. मीनल: चांगल्याच. त्यातल्या सीडी-८ पेशींचं काम म्हणजे विषाणू शिरलेली पेशी हुडकून मारणं. परफोरिन नावाच्या प्रथिनानं तिच्या आवरणाला भोक पाडायचं, ग्रॅन्झाइम हे मारक एन्झाइम आत सोडायचं, खेळ खतम. पण वर्षानुवर्षं बिडी-सिगारेटचा धूर गेला की याच पेशी श्वासनलिकांच्या भिंतीत अन् वायुकोशांभोवती ठाण मांडतात. १९९० च्या दशकातल्या अभ्यासांतच दिसलं होतं की सीडी-८ जितक्या जास्त, श्वास तितका अडलेला. शिवाय त्या इंटरफेरॉन-गॅमा हे इशारा देणारं प्रथिन सोडून मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशींना चिथावतात. मग मॅक्रोफेजची एन्झाइम्स फुप्फुसातलं इलास्टिन, म्हणजे त्याला लवचीक ठेवणारं प्रथिन, तोडतात. ते पुन्हा भरून येत नाही.

गणोरकर काका: सिगारेट सोडून जमाना झाला बापा. अजून काहून दम लागून राहिला?

डॉ. मीनल: काका, दंगल शमली तरी पोलीस चौकातून हटत नाहीत अन् येणाऱ्या-जाणाऱ्यालाच लाठी बसते, तसं झालंय. सूज मागं राहतेच. पण सोडलीत म्हणून फुप्फुसाची घसरण मंदावली, हे विसरू नका.

वैशाली काकू: मी तर सिगारेटला हातही नाही लावला, तरी मला हेच सांगितलं.

डॉ. मीनल: गावी चुलीवर स्वयंपाक केला नं काकू? तो धूरही पुरतो.

सुनील: मग स्टेरॉइडनं या पेशी दाबता येतील की. माझ्या साळ्याच्या दम्याला लगेच फरक पडला.

डॉ. मीनल: दमा वेगळा. तिथं बहुतेकदा सीडी-४ (मदतनीस टी-पेशी) अन् इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतात, ते स्टेरॉइडला ऐकतात. सीडी-८ तेवढ्या जुमानत नाहीत. म्हणून सीओपीडीत रक्तातले इओसिनोफिल (एका मायक्रोलिटरमध्ये किती) बघतात: ३०० च्या वर असतील तर स्टेरॉइडच्या इन्हेलरचा फायदा होण्याची शक्यता चांगली, १०० च्या खाली असतील तर फायदा कमी अन् न्यूमोनियाचा धोका उगाच. ठरवायचं मात्र तुमच्या डॉक्टरांनी, ग्रुपनं नाही.

प्रभाकर काका: एवढ्या पेशी आहेत तर थंडीत फ्लू तरी होऊ नये!

डॉ. मीनल: तीच तर गंमत. या पेशींवर पीडी-१ नावाचा ब्रेक जास्त लागलेला आढळला आहे, त्या थकलेल्या असतात. खरा विषाणू आला की कमी पडतात. म्हणून फ्लूची अन् न्यूमोकॉकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) लस विचारून घ्या.

सुनील: डिलीट केलं. काढा तरी घेऊ का?

डॉ. मीनल: घशाला बरं वाटत असेल तर घ्या, टी-पेशींसाठी नको. अन् सेक्रेटरी साहेब, डी विंगमागं माळी पाला जाळून राहिला, ते बंद करा.

सेक्रेटरी: उद्याच सांगतो.

गणोरकर काका: मीनल, इन्हेलरला लावायची ती नळी, स्पेसर, कुठं मिळते?

डॉ. मीनल: धंतोलीत कोणत्याही मेडिकलवर विचारा काका. आणली की वर या, कशी लावायची ते दाखवते.