प्रति: केस नसताना शपथेवर बयाण होते का

वरती एका भाऊनं लिहिलं की कोर्टात केस उभी झाल्याशिवाय शपथेवर बयाण होतच नाही. तसं नाही ना बाप्पा.

आमच्याकडंच पाहा, फेरफारावर हरकत आली म्हणून आमच्या काकाजीले तहसीलीत बोलावलं होतं, तिथं ना जज ना काळा कोट, तरी शपथ देऊनच बयाण घेतलं. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२७ नं अव्वल कारकून आन् त्याच्यावरच्या अधिकाऱ्याले समन्स काढाचा, पुरावा घ्याचा अधिकार आहे, आन् शपथ कायदा १९६९ म्हणते की ज्याले कायद्यानं पुरावा घ्याचा अधिकार आहे तो शपथही देऊ शकते. म्हणून तहसीलीत काय होते म्हणून खोटं ठोकून देऊ नका राजेहो, धुऱ्याच्या भांडणात लोकं तेच करतात.

पोलीस पाटलाच्या ओट्यावर बसून पोलिसातला जमादार लिहून घेते ते वेगळं, त्याले शपथ नाही, सहीही घेत नाही. पण तपास चालू असतानाच, खटला सुरू व्हायच्या आधी, मॅजिस्ट्रेट साक्षीदाराचं बयाण शपथेवर घेऊ शकते. आधी ते १६४ चं म्हणत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) चं कलम १८३. फक्त त्या एकट्या बयाणावर कोणाले सजा होत नाही, पुढं कोर्टात साक्ष द्याच लागते.

आन् मरताना दिलेल्या जबानीले तर शपथच लागत नाही.

धाग्यावाल्या भाऊ, तुमचं बयाण नेमकं कोणी घेतलं, जमादारानं का तहसीलदारानं? ते सांगा आधी.