मोलचं गणित: उत्तर नेमकं दुप्पट का येतं?

फोंडा_अकरावी
तिसऱ्यांच्या शिंपल्यांची ५ ग्रॅम पूड (शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट धरायची) ०.५ मोलर (लिटरमागे ०.५ मोल) हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १०० मिलीमध्ये टाकली. एसटीपीला (प्रमाण तापमान आणि दाबाला) कार्बन डायऑक्साइड किती लिटर? रेणुवस्तुमान १००, म्हणजे ५ ÷ १०० = ०.०५ मोल. वायूच्या एका मोलचे २२.४ लिटर, म्हणून गुणिले २२.४ केलं की १.१२. उत्तरसूचीत ०.५६ आहे. छपाईची चूक का?

पेडणेकर_रसायन
छपाई बरोबर आहे. तू आम्लाचा हिशेबच केला नाहीस. संतुलित समीकरणात एक मोल कार्बोनेटला दोन मोल आम्ल लागतं आणि एक मोल वायू सुटतो. आम्ल आहे ०.५ × ०.१ लिटर = ०.०५ मोल (मिलीचे लिटर केले नाहीत तर हा आकडा हजारपट फुगतो). दोन्हींचे मोल सारखे दिसतात, फसगत होते ती इथेच. ज्याचे त्याचे मोल ज्याच्या त्याच्या सहगुणकाने भाग: पूड ०.०५ ÷ १, आम्ल ०.०५ ÷ २ = ०.०२५. लहान आकडा आम्लाचा, म्हणून तेच लिमिटिंग रिएजंट (आधी संपणारं, वायू किती ते ठरवणारं). वायू ०.०२५ × २२.४ = ०.५६ लिटर. अडीच ग्रॅम पूड तशीच उरते.

फोंडा_अकरावी
पूड ९० टक्केच शुद्ध असली तर ०.५०४ ना?

पेडणेकर_रसायन
नाही रे, ०.५६च. ०.०४५ मोल आहेत, लागतात ०.०२५. फक्त उरणारं कार्बोनेट २ ग्रॅमवर येतं. शुद्धता ५० टक्क्यांखाली गेली तरच वायू घटेल.

मडगाव_लॅब
एक भर. २२.४ हा आकडा ०° सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअरचा. आययूपॅकने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) १९८२ पासून दाब १ बार धरलाय, तिथे २२.७ घ्यायचा, उत्तर ०.५६८. प्रश्नात दाब कोणता दिलाय ते आधी वाचा. आपल्याकडच्या ३०° ला तर (१ ॲटमॉस्फिअर दाबाला) मोलमागे २४.९ लिटर भरतात. आणि द्रावणाच्या लिटरांना २२.४ ने भागणं बंद करा, तो आकडा वायूंचा!

प्रॅक्टिकलला ०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्ल २५० मिली करताना वजन ३.१५ ग्रॅम. स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून रेणुवस्तुमान १२६. ते पाणी सोडून ९० धरून २.२५ ग्रॅम घेतलं तर द्रावण ०.०७१ मोलरच होतं आणि टायट्रेशनचं रीडिंग बिघडतं. आधी बीकरमध्ये थोड्या पाण्यात विरघळवा, फ्लास्कमध्ये ओता, बीकर धुतलेलं पाणीही त्यातच घाला, मग खुणेपर्यंत भरा. २५० मिली पाणी वेगळं मोजून ओतायचं नाही.