हेक-रास या पुराच्या सॉफ्टवेअरची फाईल बिघडली, ५००० च्या आत काय घेऊ?

हिरण्यकेशी_काठ (संकेश्वर): एम.टेक.साठी संकेश्वरजवळच्या हिरण्यकेशी नदीचं टू-डी मॉडेल करूलालोय. परवा रन (मॉडेलचं गणित) चालू असताना करंट गेला. आता जॉमेट्री (नदीच्या आकाराची माहिती) उघडत नाही, तिची एचडीएफ फाईल वाचता येत नाही म्हणतंय. ब्रेकलाईन्स (काठ-बांध दाखवायला आखलेल्या रेषा), पुलाची मापं, सगळं त्यातच. यूपीएस घेऊ की बाहेरची डिस्क? महिनाअखेरीला गाईडना दाखवायचंय.

वेदगंगा_७ (निपाणी): यूपीएसनं काय होणार? वर्कस्टेशन घे, ६४ जीबी रॅमचं. मी दीड लाखाचं घेतलं, एकदा अडकलं नाही.

टिळकवाडीकर_भाऊ: बजेट वाचा की ओ त्याचं! घरात इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर टाक. साध्या मोडला बॅटरीवर जायला वेळ लागतो, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो.

गोकाकचा_शेतकरी: मॉडेलात हिडकल धरणाचा विसर्ग घातलायस का? २०१९ ला आमचं घर पाण्यात होतं.

वेदगंगा_७: हिडकल घटप्रभेवर आहे, काका. हिरण्यकेशी धरणाच्या खाली येऊन मिळते. संकेश्वरला तो आकडा कशाला?

गोकाकचा_शेतकरी: मार्कंडेय नदी पण मिळते. पाणी आलं की नदी कुठली ते कोण विचारत नाही.

चिकोडी_मास्तर: खरेदीचं नंतर बघा, आधी काम वाचवा. हेक-रास बंद कर. अख्खं फोल्डर दुसरीकडे कॉपी कर. त्या कॉपीतली .जी०१.एचडीएफ तेवढी काढून टाक. नुसत्या .जी०१ ला हात लावू नको, ती साधी टेक्स्ट फाईल आहे, नोटपॅडमध्ये उघडून बघ, हद्दीचे आकडे दिसतील. प्रोजेक्ट उघडून जॉमेट्री सेव्ह केलीस की तिच्यावरून एचडीएफ नवी बनते. टेरेन (जमिनीच्या उंचीचा नकाशा) आणि मॅनिंगचा थर (जमिनीच्या खडबडीतपणाचे आकडे) मात्र जोडलेला आहे का ते तपास. .पी०१.एचडीएफ म्हणजे निकाल, गेला तर परत रन कर.

बेळगाव_सिव्हिल: यूपीएस घेच. आणि फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल तर बाहेर काढ. रन चालू असताना सिंक झालं की फाईल लॉक होते. मला रडवलंय त्यानं.

खानापूर_सर्व्हे: टेरेन कुठलं? दर ३० मीटरला एकच उंची देणारं फुकटातलं असेल तर पाण्याखालचं पात्र त्यात नाहीच. फाईल सुधारून तरी काय उपयोग?

टिळकवाडीकर_भाऊ: इन्व्हर्टरचं बघितलंस का?

हिरण्यकेशी_काठ: मास्तर, लई उपकार झाले. एचडीएफ काढली, परत उघडलं, ब्रेकलाईन्स सगळ्या आल्या. टेरेन परत जोडावं लागलं. यूपीएस घेत नाही, डिस्क पण नाही. टेरेन ३० मीटरचंच आहे, म्हणून पैसे ऑटो लेव्हलच्या (उंची मोजायच्या दुर्बिणीच्या) भाड्याला आणि स्टाफ (मोजपट्टी) धरणाऱ्याच्या मजुरीला घालतो. पुलाच्या वर-खाली क्रॉस सेक्शन (पात्राचे आडवे छेद) स्वतः घेतो. रन कॉलेजच्या लॅबवर, तिथं जनरेटर आहे.

वेदगंगा_७: चूक करूलालास. मशीन पाहिजेच.

खानापूर_सर्व्हे: आधी पक्की बेंचमार्क (उंची माहीत असलेली खूण) शोध, मग लेव्हल लाव. पूल बांधताना घेतलेली असेल तर कठड्यावर बघ.