कोळंबीच्या सालांचं जेल: थोडी भर

कोळंबीच्या सालांपासून जखमेवर लावायचं जेल बनवतात, त्यावरच्या चर्चेत ‘जखम उघडी ठेवा, खपली धरू द्या’ असं कुणी म्हटलंय. आमची आजीही हेच म्हणायची. पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते. हायड्रोजेल, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारं जेल, तोच ओलावा राखतं. हे जेल कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणाऱ्या कायटोसान या पदार्थाचं. त्याचे धनभारित अमिनो गट जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटून त्याला भोकं पाडतात. गोम अशी, की हा भार आम्लतेत टिकतो. सामू (pH) साडेसहाच्या वर गेला की ओसरतो. आणि जुनाट जखमा बहुधा अल्कधर्मी! म्हणून तर जंतू मारणारे चांदीचे कण वगैरे मिसळतात. फार पाझरणाऱ्या जखमेला मात्र हायड्रोजेल नको, भोवतालची कातडी भिजून पांढरी पडते. तिथे समुद्री शेवाळापासूनचं, पाझर शोषून घेणारं अल्जिनेट बरं.