जून व्हीएचएफ कॉन्टेस्ट: आधी अ‍ॅम्प्लिफायर घेऊ की अँटेना?

जर्सीकर
नमस्कार मंडळी. मी एडिसन, न्यू जर्सीला असतो, हॅम रेडिओचं लायसन्स टेक्निशियनचं (सुरुवातीच्या पातळीचं), त्यामुळे ५० मेगाहर्ट्झच्या वर सगळं मोकळं आहे पण आत्तापर्यंत नुसत्या रिपीटरवर (सिग्नल पुढे पाठवणारं मधलं स्टेशन) गप्पा मारल्यात. यंदा एआरआरएलचा (अमेरिकन हॅम संघटनेचा) जून व्हीएचएफ कॉन्टेस्ट नीट खेळायचाय, म्हणजे ५० मेगाहर्ट्झच्या वर जास्तीत जास्त लोकांशी संपर्क करायची स्पर्धा. सामान म्हणजे सेकंडहँड यासू एफटी-८५७डी रेडिओ, अ‍ॅटिकमध्ये ड्युअल बँड व्हर्टिकल, म्हणजे उभी अँटेना (एचओए, म्हणजे इथली सोसायटी, बाहेर काही लावू देत नाही) आणि साधारण ५० फूट आरजी-५८ केबल. एक जण २ मीटरचा (१४४ मेगाहर्ट्झ बँडचा) १६० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बऱ्या किमतीत देतोय, घेऊ का? ५० वॅटमध्ये एसएसबीवर (माइकवर बोलायची पद्धत) कोणी ऐकतं का? आणि एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे डिजिटल संदेश) करावं की माइकवर बोलावं, सगळे वेगवेगळं सांगतात.

पोकोनोचा_पंत
अ‍ॅम्प्लिफायर राहू दे भावा. हिशोब बघ, ५० चे १६० वॅट केलेस की मिळतात ५ डीबी (३ डीबी म्हणजे दुप्पट). आणि तुझी अँटेना उभी आहे, व्हीएचएफवर एसएसबी-सीडब्ल्यूवाले (सीडब्ल्यू म्हणजे मोर्स) सगळे आडव्या पोलरायझेशनवर, म्हणजे आडव्या अँटेनावर असतात, त्यात २० डीबीपर्यंत मार बसतो, म्हणजे सिग्नलचा शंभरावा भाग उरला. वर तुझी ती आरजी-५८, १४४ वर ५० फुटांत ३ डीबी खाते, रेडिओतून ५० निघाले तर अँटेनाला २५ पोचतात, ४३२ वर तर विचारूच नकोस. आणि हे नुकसान ऐकतानाही होतं, तिथे अ‍ॅम्प्लिफायर काय कामाचा? समोरचा तुला ऐकणार आणि तू त्याला नाही, मग तो दोनदा उत्तर देऊन पुढे जातो.

म्हणून पैसे असे लाव, आधी एलएमआर-४०० केबल (तेवढ्याच लांबीत एक डीबीपेक्षा कमी), मग २ मीटरची सहा-सात एलिमेंटची यागी (एका दिशेला जोर देणारी अँटेना). लाकडी बूम आणि अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्या घेऊन घरी पण होते, फक्त मापं चोख हवीत. ६ मीटरला (५० मेगाहर्ट्झ) तीन एलिमेंटची यागी, नाहीतर साधा डायपोल, तोही चालतो कारण जूनमध्ये स्पोरॅडिक ई (वरच्या वातावरणातून सिग्नल परत येणं) उघडलं की डायपोलवरून हजार-दीड हजार किलोमीटर आरामात जातं.

आणि एचओएशी भांडत बसू नकोस, डोंगरावर जा. हाय पॉइंट, तुमच्या राज्यातली सगळ्यात उंच जागा, १८०३ फूट, आणि ग्रिड (नकाशावरचा चौकोन) एफएन२१. तू घरी एफएन२० मध्ये आहेस, तिथे लोकांची गर्दी. पार्कच्या ऑफिसला आधी फोन करून विचार, रात्री थांबू देतात का ते पण. डोंगरावर टॉवर असतील तर रिसीव्हर गुदमरतो, तसं झालं तर प्रीअँप (येणारा सिग्नल वाढवणारा भाग) बंद कर आणि गाडी शे-दोनशे फूट सरकवून बघ.

जर्सीकर
दादा हे वाचून अ‍ॅम्प्लिफायरवाल्याला नाही सांगून टाकलं 😄 पण डोंगरावर यागी फिरवायची कशी, रोटेटर (अँटेना फिरवायची मोटर) आणि त्याची बॅटरी?

पोकोनोचा_पंत
आर्मस्ट्राँग रोटेटर, म्हणजे तुझा हात. मास्ट (अँटेनाचा खांब) गाडीच्या टायरखाली दाबलेल्या फळीवर उभा कर आणि खिडकीतून फिरव. मास्टवर रंगीत टेपचे पट्टे चिकटवून ठेव, एक बॉस्टनकडे, एक वॉशिंग्टनकडे, एक पिट्सबर्गकडे, अंधारात पण कळतं. कॉन्टेस्टच्या सिंगल ऑपरेटर पोर्टेबल गटात १० वॅटची मर्यादा आहे, पोर्टेबल वीज लागते आणि घरचं स्टेशन चालत नाही, त्यामुळे २० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या नेल्यास की जनरेटरची कटकट नाही. १० वॅट ऐकून तोंड पाडू नकोस, डोंगर आणि यागी असेल तर पुरतात.

एफटी८_भक्त
असहमत 🙂 ६ मीटरवर आता खरी गर्दी ५०.३१३ मेगाहर्ट्झवर असते. बँड अर्धवट उघडा असला की एसएसबीवर नुसता शुकशुकाट आणि एफटी८ वर धडाधड नवीन ग्रिड. १० वॅट असेल तर हेच कर. फक्त घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर ठेव, डोंगरावर इंटरनेट नसलं की लॅपटॉप भरकटतो आणि मग डिकोडच होत नाही, जीपीएस डाँगल स्वस्तात मिळतो.

पोकोनोचा_पंत
@एफटी८_भक्त, ग्रिड मिळतात मान्य, पण कॉन्टेस्ट तिथे जिंकत नाहीत. प्रत्येक बँडवर ग्रिड वेगळा मल्टिप्लायर आहे (पॉइंटना याने गुणतात), ५० आणि १४४ ला एक पॉइंट, २२२ आणि ४३२ ला दोन. आता माइकवर एखादा एफएम१८ ग्रिडवाला २ मीटरवर लागला की त्याला लगेच विचारायचं, ४३२ आहे का, चल १४४ वरून ४३२.१०० च्या आसपास ये, अर्ध्या मिनिटात दुसरा क्यूएसओ (संपर्क) आणि दुसरा मल्टिप्लायर. एफटी८ वर हे सांगणार कसं, १३ अक्षरांत? दिवसा ६ मीटर जोरात उघडलं आणि एसएसबीवर लोक ऐकू येत असतील तर एफटी८ वर बसून राहणं म्हणजे एक मिनिटाला एक क्यूएसओ, एसएसबीवर चांगला माणूस त्याच वेळात तीन-चार काढतो. माझ्या मते बँड मेला की एफटी८, जिवंत असेल तर माइक.

एफटी८_भक्त
बँड बदलण्याचा मुद्दा बरोबर आहे, तिथे काही बोलत नाही. पण ज्याला माइकवर घाबरायला होतं त्याला सुरुवात तरी होते ना.

म्युनिकचा_मामा
इकडे युरोपात खेळ वेगळाच. सप्टेंबरच्या पहिल्या वीकेंडला २ मीटरचा मोठा कॉन्टेस्ट असतो, २४ तास, ग्रिड सहा अक्षरी द्यायचा आणि संपर्काचा क्रमांक पण, पॉइंट किलोमीटरवर मोजतात. त्यामुळे जवळचा माणूस म्हणजे चिल्लर, सगळे लांबच्यासाठी धडपडतात. तुमच्याकडे जवळचा ग्रिडसुद्धा मल्टिप्लायर म्हणून सोन्याचा, म्हणून जर्सीकर, आजूबाजूच्या क्लबवाल्यांना आधीच सांगून ठेव मी एफएन२१ वरून येतोय, कुठल्या बँडवर किती वाजता. आणि सीडब्ल्यू येत असेल थोडं तर मोर्सची की घेऊन जा, एसएसबीत न ऐकू येणारा माणूस सीडब्ल्यूत चक्क ऐकू येतो.

जर्सीकर
माझ्याकडे की नाही, मोर्स शून्य. अजून एक, नेमकं बोलायचं कुठे? सगळे १४४.२०० वर एकमेकांवर ओरडत असतील ना?

पोकोनोचा_पंत
१४४.२०० वर फक्त बोलावणं, मग वर किंवा खाली सरक, १४४.१८० ते १४४.२३० मध्ये जागा शोध आणि तिथे सीक्यू (सगळ्यांना हाक). ६ मीटरला ५०.१२५ वर ऐक आणि तिथे ठाण मांडू नकोस, ५०.१३० च्या वर जा, आणि ५०.१०० ते ५०.१२५ डीएक्ससाठी (लांबच्या देशांसाठी) मोकळं सोड. सीक्यू देताना अँटेना प्रत्येक वेळी थोडी फिरव, एकाच दिशेला पाच मिनिटं बोलत बसलास की बाकी तीन दिशा झोपलेल्या. कॉन्टेस्ट आपल्या इथल्या वेळेने शनिवारी दुपारी २ ला सुरू, रविवारी रात्री १०:५९ ला संपतो, पण लॉगमध्ये वेळ यूटीसीच (जागतिक प्रमाण वेळ) टाक. लॉगिंगला एन१एमएम सॉफ्टवेअर, आदल्या दिवशी घरी पाच खोटे क्यूएसओ टाकून कॅब्रिलो फाइल (लॉग पाठवायचा फॉरमॅट) निघते का बघ. पहाटे ५ ते ८ मध्ये २ मीटरवर जरूर ऐक, हवा शांत असली की ट्रोपो (खालच्या हवेतून सिग्नल लांब जाणं) मिळतो, तेव्हा लोक झोपलेले असतात ते एक वाईट.

पुणेकर_एमके६८
एक शंका, ऐकायला इअरफोन चालत नाहीत का?

पोकोनोचा_पंत
इअरफोन नको 😀 कान पूर्ण झाकणारे हेडफोन घे, वाऱ्यात यागी फडफडते आणि एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) न हलवणारे कमजोर सिग्नल त्या आवाजात हरवतात.

पुणेकर_एमके६८
बरं बरं. जर्सीकर, लॉग झाला की ग्रिडचा नकाशा टाक इथे.

जर्सीकर
टाकतो. आरजी-५८ कुणाला हवी असेल तर फुकट आहे.