अ‍ॅक्टिव्हिटीला पोस्टमन करू नका

अँड्रॉइडमध्ये यादीच्या फ्रॅगमेंटमध्ये (म्हणजे स्क्रीनच्या एका तुकड्यात) निवडलेलं शेजारच्या डिटेल फ्रॅगमेंटला कसं द्यायचं, असं विचारलंय आणि वर दोघातिघांनी इंटरफेस लिहून अ‍ॅक्टिव्हिटीतून (हे तुकडे जिच्यात बसतात त्या अख्ख्या स्क्रीनमधून) पाठवा म्हटलंय. चालतं की, पण तिसरा फ्रॅगमेंट आला की अ‍ॅक्टिव्हिटीचा पोस्टमन होतो. त्यापेक्षा एकच व्ह्यूमॉडेल (स्क्रीनचा डेटा धरून ठेवणारा क्लास) घ्या आणि दोन्हीकडे कोटलिन कोडमध्ये 'बाय अ‍ॅक्टिव्हिटीव्ह्यूमॉडेल्स' लिहा, नुसतं 'बाय व्ह्यूमॉडेल्स' नाही, तिथेच माझी अख्खी संध्याकाळ गेलीये, घणसोलीला ऑफिसात बसून आणि मग ठाणे लोकलमध्येही तेच डोक्यात, डब्याच्या अ‍ॅपमध्ये पोळ्या ४ केल्या तरी बिलाच्या स्क्रीनवर ० च, कारण प्रत्येक फ्रॅगमेंटला आपापलं वेगळं व्ह्यूमॉडेल मिळत होतं आणि एरर म्हणाल तर एक नाही!

फोन आडवा केला तरी डेटा राहतो. पण बॅकग्राउंडला असताना सिस्टमने अ‍ॅप मारलं तर जातो, त्यासाठी सेव्हडस्टेटहँडल, त्यात ठेवलेलं नंतर परत मिळतं. नुसती तारीख निवडून मागे यायचंय एवढंच असेल तर सेटफ्रॅगमेंटरिझल्ट (एका फ्रॅगमेंटचं उत्तर दुसऱ्याला देणारं फंक्शन) पुरतं. आणि हो, बंडलमध्ये (डेटा पाठवायच्या गाठोड्यात) फोटोबिटो कोंबू नका, बाइंडरचा (प्रोसेसमधून प्रोसेसमध्ये डेटा नेणाऱ्या यंत्रणेचा) बफर अख्ख्या प्रोसेसला मिळून १ एमबीच असतो, भरला की क्रॅश. आयडी पाठवा, बाकीचं पलीकडे रूममधून (अ‍ॅपच्या फोनवरच्या डेटाबेसमधून) वाचा.