रविवारी हॉलमध्ये: किशोरसाहित्याचे प्रकल्प

बी-२०४ मॅडम: नमस्कार सगळ्यांना. आमच्या एम.ए. मराठीच्या वर्गाचा किशोरसाहित्याचा पेपर संपला. शेवटी परीक्षेऐवजी मुलांनी प्रकल्प केलेत. ते कपाटात धूळ खात पडू नयेत असं फार वाटतं. रविवारी संध्याकाळी ५ वाजता वर्गातली ७ मुलं ते घेऊन आपल्या हॉलमध्ये येतील. आठवी ते बारावीची मुलं नक्की पाठवा. पुस्तकं त्यांच्या वयाची, तेव्हा प्रकल्प कसे झालेत तेही त्यांनीच सांगायचं.

ए-१०२ काका: चांगलंय की मॅडम. पण ह्या वयाची पोरं वाचतात कुठं? नातवाला ‘श्यामची आई’ आणून दिलं, दहा पानांवर थांबला.

बी-२०४ मॅडम: काका, आमच्या वर्गातही पहिल्या तासाला विचारलं, चौदाव्या वर्षी काय वाचायचात? बहुतेक गप्प. मग प्रकाश नारायण संतांचा लंपन वाचायला घेतला. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. आजी-आजोबांकडे राहणारा, आपल्याच बेळगाव भागातला मुलगा, बोलण्यात कन्नड सहज मिसळलेलं. खानापूरकडची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, हे आमच्या घरातलं बोलणं पुस्तकात चालतं?” शाळेत तिच्या निबंधातले असे शब्द लाल पेनानं खोडले जायचे.

तिचा प्रकल्प म्हणजे खाकी कव्हर घातलेली एक वही. डावीकडे शब्द, उजवीकडे घरात तो कोण, कधी बोलतं. ‘सुम्न’ म्हणजे गप्प, त्यासमोर लिहिलंय: ताप आला की आज्जी कपाळावर हात ठेवून म्हणते, सुम्न पड. त्या पानावर हळदीचं बोट उमटलंय. आज्जी फोडणी करता करता सांगत होती. मी सांगितलंय, हे पान परत लिहायचं नाही.

ए-४०१ मावशी: संत म्हणजे कवयित्री इंदिराबाईंचे चिरंजीव ना?

बी-२०४ मॅडम: होय मावशी. स्वतः कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे.

बी-३०२: मॅडम, एक विचारतो. ह्या पुस्तकांत मरण, प्रेम असलं सगळं असतं म्हणे. मुलांना आत्ताच कशाला?

बी-२०४ मॅडम: विचारलंत ते बरं झालं. श्यामची आई शेवटी जाते, ते आपण शाळेतच वाचलं ना? माझे वडील गेले तेव्हा मी आठवीत होते. घर माणसांनी भरलेलं, पण माझ्याशी कोणी धड बोललं नाही. लहान आहे, तिला काय कळतंय, म्हणून. ते पुस्तक कित्येक दिवस माझ्या उशाशी होतं. ह्या वयात मुलांना सगळं कळतं हो, विचारायचं कुणाला तेवढंच कळत नाही.

बी-३०२: बरोबर आहे. पाठवतो दोघांना.

सी-३०३: नमस्कार मॅडम. आमची मुलगी कन्नड माध्यमात नववीला. मराठी चांगलं बोलते, वाचायला अडखळते. आली तर चालेल काय?

बी-२०४ मॅडम: तिनं यायलाच हवं. निपाणीच्या एका मुलानं गोष्टी रेकॉर्ड केल्यात, त्या अशाच धाकट्या भावासाठी. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून भाऊ म्हणाला, “दादा, तू बातम्या वाचतोयस.” मग रात्री दिवा घालवून, शेजारी झोपून, फक्त त्याला वाचून दाखवलं आणि तेच रेकॉर्ड केलं. मध्येच स्कूटरचा आवाज येतो, भावाचं “मग?” ऐकू येतं. तो ते काढून टाकणार होता, मी काढू दिलं नाही.

सी-३०३: तिनं स्वतः एक गोष्ट लिहिलीय. कन्नडमध्ये.

बी-२०४ मॅडम: घेऊन येऊ दे. सुरुवात तिच्यापासून करू. ज्यांना कन्नड कळत नाही त्यांना मध्ये मध्ये आपण सांगूया की.

ए-४०१ मावशी: आपल्या गावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे. आपल्या बिल्डिंगमधल्या किती मुलांनी त्याची पायरी चढलीय? पुढच्या रविवारी मी घेऊन जाते, कोण येतंय सांगा.

सेक्रेटरी: हॉलची किल्ली ४ वाजता वॉचमनकडे ठेवतो. खुर्च्या ४० आहेत, सतरंज्या माझ्याकडच्या.

ए-१०२ काका: मॅडम, नातवाला वरचं सगळं वाचून दाखवलं. ते रेकॉर्डिंग आत्ता पाठवता येईल काय, विचारतोय.

बी-२०४ मॅडम: त्या मुलाला विचारते काका. हो म्हणाला की लगेच पाठवते.